दोन अणू जोडले म्हणून संयुग होत नाही: नायट्रोजन, अमोनिया आणि हायड्राइडे

जुळे सोलापूर भागातील अकरावीच्या एका विद्यार्थिनीने तीन शंका लिहून पाठवल्या आहेत. पहिली अशी की, नायट्रोजन वायूच्या रेणूत दोन अणू रासायनिक बंधाने जोडलेले असतात आणि संयुगातही अणू रासायनिक बंधानेच जोडलेले असतात, तर मग नायट्रोजनला मूलद्रव्य का म्हणायचे? दुसरी शंका घरच्या शेतावरून सुचलेली आहे. युरियाच्या गोणीवर ‘नत्र ४६ टक्के’ असे छापलेले असते. नायट्रोजन हा वायू असेल तर त्या पांढऱ्या दाण्यांत तो कोठून आला? तिसरी शंका हायड्राइडांविषयी आहे. एका टिपणात धातू आणि हायड्रोजन यांच्या संयुगाला हायड्राइड म्हटले आहे, तर दुसऱ्या टिपणात पाणी आणि अमोनिया यांनाही त्याच यादीत बसवले आहे. यांपैकी बरोबर काय?

मी आधी सूतरंगाईच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आणि पुढे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आहे. या शंका दर वर्षी कोणीतरी विचारतेच, आणि न विचारणाऱ्यांच्या मनातही त्या असतात, हे उत्तरपत्रिका तपासताना कळते. तिन्ही शंकांचे मूळ एकाच ठिकाणी आहे, म्हणून उत्तर एकत्रच देतो.

पदार्थ मूलद्रव्य आहे की संयुग, हे ठरवताना अणू किती आहेत ते मोजायचे नसते आणि ते बंधाने जोडलेले आहेत की सुटे, हेही पाहायचे नसते. ते अणू किती प्रकारचे आहेत, एवढेच पाहायचे असते. अणूचा प्रकार त्याच्या केंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरतो. ज्याच्या केंद्रकात ७ प्रोटॉन तो नायट्रोजन. ६ असतील तर कार्बन, ८ असतील तर ऑक्सिजन. नायट्रोजन वायूच्या रेणूत, ज्याला मुले वर्गात ‘एन-टू’ म्हणतात, दोन्ही अणू ७ प्रोटॉनांचेच आहेत, म्हणून तो मूलद्रव्याचा रेणू आहे. अमोनियाच्या रेणूत ७ प्रोटॉनांचा एक अणू आणि १ प्रोटॉनाचे तीन अणू आहेत, म्हणजे प्रकार दोन झाले, आणि ते ठरावीक प्रमाणात बंधाने जोडलेले आहेत, म्हणून अमोनिया हे संयुग आहे. गंधकाच्या नेहमीच्या रेणूत आठ अणूंचे कडे असते आणि पांढऱ्या फॉस्फरसच्या रेणूत चार अणू असतात, तरी दोन्ही मूलद्रव्येच. उलट सोडियम क्लोराइडमध्ये म्हणजे मिठात वेगळा असा रेणूच नसतो, आयनांची, म्हणजे विद्युतभारित अणूंची, अखंड जाळी असते, तरी ते संयुग आहे. म्हणजे ‘रेणू’ आणि ‘संयुग’ या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि एकीचे उत्तर दुसरीला लावता येत नाही. पुस्तकातल्या चित्रांत संयुग दाखवताना नेहमी दोन गोळे चिकटवलेले असतात आणि मूलद्रव्य दाखवताना सुटे गोळे असतात. माझ्या मते या गोंधळाला ती चित्रेच बऱ्याच अंशी जबाबदार आहेत.

आता युरियाची गोणी. ‘मूलद्रव्य’ या संज्ञेने आपण दोन निराळ्या गोष्टी दाखवतो आणि बोलताना त्यांची सरमिसळ करतो. एका अर्थाने मूलद्रव्य म्हणजे अणूचा एक प्रकार. तो प्रकार वायूत, दाण्यात, पानात, रक्तात कोठेही आणि कोणत्याही संयुगात असू शकतो. दुसऱ्या अर्थाने मूलद्रव्य म्हणजे केवळ त्याच प्रकारच्या अणूंचा बनलेला, बाटलीत किंवा नळकांड्यात भरता येण्याजोगा प्रत्यक्ष पदार्थ. हा भेद मेंडेलेव्हने आवर्तसारणी मांडताना स्पष्टपणे पाळला होता. त्याच्या सारणीत वायू, धातू असे पदार्थ बसवलेले नसून अणूंचे प्रकार बसवलेले आहेत. गोणीवरचे नत्र पहिल्या अर्थाचे आहे. युरियाच्या रेणूचे वस्तुमान ६० धरले तर त्यात नायट्रोजनच्या दोन अणूंचे मिळून २८ होते, आणि ६० पैकी २८ म्हणजे सुमारे ४६.७ टक्के. ४५ किलोच्या गोणीत त्या हिशेबाने २० किलोंहून थोडे अधिक नत्र असते, पण त्यात नायट्रोजन वायू औषधालाही नसतो. ते अणू कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्याशी बांधलेले असतात, आणि वायूरूप नायट्रोजनचा एकही गुण त्या दाण्यांत उरलेला नसतो: तो पाण्यात जेमतेम विरघळतो, युरिया भराभर विरघळतो, तो पिकाला थेट घेता येत नाही, युरियातले नत्र मातीतल्या जिवाणूंच्या मदतीने घेता येते. घटकांचे गुण संयुगात उतरत नाहीत, ही गोष्ट इतकी साधी आहे की ती आपण पाठ करतो आणि विसरतो.

शेतकऱ्याला याच गोष्टीचा एक तोटा अनुभवाने ठाऊक असतो. आपली काळी, चुनखडीची जमीन अल्कधर्मी आहे. उन्हात युरिया नुसता वर फेकला आणि मातीआड केला नाही, तर युरिएज नावाच्या विकराने त्याचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, अल्कधर्मी मातीत तो आयन होऊन अडकण्याऐवजी वायू म्हणून उडून जातो, आणि वाफ्यावर वाकले तर नाकाला झोंबतोसुद्धा. उडाले ते नत्रच; पण नायट्रोजन वायू नव्हे, अमोनिया.

नायट्रोजनच्या रेणूत अणू दोनच आहेत हे कळले कसे, असा पुढचा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतो आणि तो विचारायलाच हवा. १८०८ मध्ये गे-ल्यूसॅकने दाखवले की, वायू परस्परांशी साध्या पूर्णांकी घनफळांत संयोग पावतात. एक घनफळ नायट्रोजन आणि तीन घनफळे हायड्रोजन यांपासून दोन घनफळे अमोनिया मिळतो. आता सारख्या घनफळांत सारखेच कण असतात असे मानले, तर नायट्रोजनच्या एका कणापासून अमोनियाचे दोन कण होतात, आणि त्या दोन्हींत नायट्रोजन असतो. म्हणजे नायट्रोजनचा मूळ कण दुभंगलाच पाहिजे. डाल्टनला हे पटले नाही. एकाच प्रकारचे अणू एकमेकांना दूर सारतात, ते जोडीने राहणार नाहीत, अशी त्याची समजूत होती. अमोनियात तो नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचाही एकच अणू धरत असे. १८११ मध्ये अ‍ॅव्होगॅड्रोने सुचवले की मूलद्रव्याचा वायूरूप कण स्वतःच एकापेक्षा अधिक अणूंचा असू शकतो. हे म्हणणे सर्वमान्य व्हायला १८६० ची कार्ल्सरूहे येथील परिषद आणि इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानित्झारोचे प्रतिपादन लागले, म्हणजे जवळजवळ अर्धे शतक गेले. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू बंधाने जोडलेले असू शकतात, हे स्वीकारणे डाल्टनलाही जड गेले होते, तेव्हा अकरावीतल्या मुलीने त्यावर अडखळावे यात कमीपणा काहीच नाही.

मूलद्रव्य, मिश्रण आणि संयुग यांतला फरक दाखवायला मी अमोनियाइतके चांगले उदाहरण दुसरे पाहिलेले नाही. समजा, एका नळकांड्यात नायट्रोजनचा एक भाग आणि हायड्रोजनचे तीन भाग मिसळून भरले आहेत, आणि दुसऱ्या नळकांड्यात अमोनिया आहे. दोन्हींत अणूंचे प्रकार तेच, आणि त्यांचे प्रमाणही तेच, १ ला ३. पहिले नळकांडे तरीही दोन मूलद्रव्यांचे मिश्रण आहे. त्याला वास नाही. ते उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले तर नायट्रोजन द्रवरूप होऊ लागतो आणि हायड्रोजन वायूच राहतो, कारण त्याचा उत्कलनांक उणे २५३ अंश आहे. म्हणजे रासायनिक क्रियेवाचूनच दोघे वेगळे करता येतात. शिवाय १ ला ३ हे प्रमाण तेथे भरणाऱ्याच्या मर्जीचे आहे, १ ला ५ भरले असते तरी ते मिश्रणच झाले असते. दुसऱ्या नळकांड्यात मर्जीला जागा नाही. अमोनिया कारखान्यातला असो, गोठ्यातला असो किंवा युरियाच्या विघटनातून आलेला असो, त्यात वजनाने नायट्रोजनचे १४ भाग आणि हायड्रोजनचे ३ भाग असायचेच.

सोलापूर जिल्ह्यात द्राक्षे आणि डाळिंबे साठवण्यासाठी शीतगृहे आहेत, आणि मोठ्या शीतगृहांत व बर्फाच्या कारखान्यांत थंडावा आणण्यासाठी बहुधा अमोनियाच वापरतात. तेथे हा फरक नुसता पुस्तकातला राहत नाही. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, पण साध्या तापमानालाही नुसत्या दाबाने त्याचा द्रव करता येतो; मे महिन्यात पारा ४० वर गेला की त्यासाठी वातावरणाच्या सुमारे १५ पट दाब लागतो आणि कॉम्प्रेसरवर ताण पडतो तो यामुळेच. नायट्रोजन किंवा हायड्रोजन यांवर त्या तापमानाला कितीही दाब टाकला तरी द्रव होणार नाही. अमोनियाच्या यंत्रणेत नळ आणि झडपा पोलादाच्या असतात, तांब्यापितळेच्या नसतात, कारण ओलसर अमोनिया तांब्याला खातो. कोरडा नायट्रोजन तांब्याच्या नळीतून वर्षानुवर्षे गेला तरी नळीला काही होत नाही. गळती शोधायला जुने मिस्त्री गंधकाची पेटती कांडी सांध्याजवळून फिरवतात आणि जेथे दाट पांढरा धूर दिसतो तेथे गळती आहे असे ओळखतात. गंधक जळून झालेला सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया हवेतल्या ओलाव्यासह मिळून घन क्षाराचे बारीक कण बनतात, तोच तो धूर. तीच कांडी नायट्रोजन-हायड्रोजनच्या मिश्रणाजवळ कोणी नेऊ नये. तेथे हायड्रोजन पेट घेईल.

संयुगातले ठरावीक प्रमाण म्हणजे दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग होते, असे मात्र समजू नये. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांची निदान तीन संयुगे चांगल्या परिचयाची आहेत. अमोनियात नायट्रोजनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे तीन अणू असतात. हायड्राझिनमध्ये नायट्रोजनच्या दोन अणूंना चार. आणि हायड्राझोइक आम्लात नायट्रोजनच्या तीन अणूंना एकच. वजनाने पाहिले तर नायट्रोजनच्या १४ भागांशी हायड्रोजनचे अनुक्रमे ३, २ आणि एकतृतीयांश भाग जोडलेले आहेत, आणि हे आकडे ९, ६, १ या साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात आहेत. डाल्टनचा गुणित प्रमाणाचा नियम तो हाच. गुण मात्र पूर्ण भिन्न. अमोनिया वायू आहे. हायड्राझिन हा ११४ अंशांच्या आसपास उकळणारा विषारी द्रव असून रॉकेटच्या इंधनात आणि औष्णिक वीजकेंद्रांच्या बॉयलरच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन काढून टाकण्यासाठी वापरला गेला आहे. हायड्राझोइक आम्ल तर नुसत्या धक्क्यानेही स्फोट पावते. मूलद्रव्ये तीच दोन, पण जोडणी बदलली की पदार्थ बदलला.

मूलद्रव्य, मिश्रण आणि संयुग हे तिघे एका वेळी, एका बैठकीत पाहायचे असतील तर कल्हई पाहावी. कल्हईवाले आता कमी झाले आहेत, तरी गल्लीत आरोळी आली की मी अजूनही दारात जाऊन उभा राहतो. पितळेचे पातेले हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण, म्हणजे संमिश्र. कोणत्या पातेल्यात जस्त किती, ते ओतणाऱ्यावर अवलंबून. कथिलाची कांडी हे मूलद्रव्य. नवसागर हे संयुग, अमोनियम क्लोराइड. भात्याने निखारे फुलवून पातेले चांगले तापले की कल्हईवाला नवसागराची चिमूट टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतो. भसकन पांढरा धूर उठतो आणि काळवंडलेला पत्रा एकदम लख्ख दिसू लागतो. मग कथील टेकवले की ते लोण्यासारखे वितळून बोळ्यामागे पसरत जाते.

त्या धुराच्या आत जे घडते ते सावकाश पाहण्याजोगे आहे. नवसागर तापला की वितळत नाही. त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड पातेल्यावरच्या तांब्याच्या ऑक्साइडाशी क्रिया करतो आणि त्याचे क्लोराइड व पाणी बनवतो, म्हणून धातूचा पृष्ठभाग उघडा पडतो आणि कथील तेथे धरते. उरलेले दोन्ही वायू वर गार हवेत आले की पुन्हा एकत्र येऊन नवसागराचे बारीक स्फटिक होतात, आणि तोच पांढरा धूर. कथील आणि तांबे यांचे तसे होत नाही. कितीही तापवले तरी ती वितळतील, फार तर उकळतील, पण कथिलातून कथिलाहून साधे काही निघणार नाही. नवसागर फुटतो, जोडतो आणि पुन्हा तोच होतो. वर्गात हाच प्रयोग उलट बाजूने करता येतो: अमोनियाच्या द्रावणाच्या उघड्या बाटलीच्या तोंडाशी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काचकांडी धरली की मधल्या हवेत पांढरे ढग दिसतात. अर्थात, खिडक्या उघड्या ठेवूनच.

‘साध्या पदार्थांत फोडता येत नाही ते मूलद्रव्य’ ही जुनी व्याख्या मी शिकवत आलो, पण तिच्यात एक खोट आहे. ती पदार्थापेक्षा फोडणाऱ्याच्या हातातल्या साधनांविषयी अधिक सांगते. लाव्हाझिएने १७८९ मध्ये दिलेल्या ३३ मूलद्रव्यांच्या यादीत चुनाही होता, कारण तो फोडण्याचे साधन तेव्हा कोणाजवळ नव्हते. १८०८ मध्ये डेव्हीने विजेच्या साहाय्याने त्यातून कॅल्शियम मिळवला आणि चुना यादीतून बाहेर पडला. नायट्रोजनची अवस्था याच्या उलट झाली. तो खरोखरच मूलद्रव्य असूनही बर्झेलियससारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ काही काळ त्याला एखाद्या अज्ञात मूलद्रव्याचे ऑक्साइड समजत होता. १९१३ मध्ये मोसलीने क्ष-किरणांच्या अभ्यासातून अणुक्रमांकाला, म्हणजे प्रोटॉनांच्या संख्येला, भक्कम आधार दिल्यावर हा वाद कायमचा मिटला. आज ज्ञात मूलद्रव्ये ११८ आहेत, आणि यादीत मधे कोठेही जागा रिकामी नाही, कारण प्रोटॉनांची संख्या अपूर्णांकात असू शकत नाही.

संयुगातून मिळवलेला नायट्रोजन आणि हवेतून मिळवलेला नायट्रोजन एकच असायला हवा, ही गोष्ट उघड वाटते. पण लॉर्ड रॅलेने १८९० च्या दशकात दोन्हींची घनता काळजीपूर्वक मोजली तेव्हा हवेतला नायट्रोजन सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरला. एका लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम विरुद्ध १.२५१ ग्रॅम. इतका फरक दुसऱ्या कोणी मोजमापातली चूक म्हणून सोडून दिला असता. विल्यम रॅमसेने हवेतला ‘नायट्रोजन’ तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेला. नायट्रोजन मॅग्नेशियम नायट्राइडाच्या रूपाने अडकत गेला आणि शेवटी कशाशीच संयोग न पावणारा थोडा वायू उरला. तो अरगॉन, १८९४ साली सापडलेला. कोरड्या हवेत नायट्रोजन घनफळाने ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के आणि अरगॉन एक टक्क्याला थोडा कमी. मूलद्रव्य शुद्ध आहे की नाही हे त्याच्या संयुगाच्या मदतीने ठरवले गेल्याचे याहून सुरेख उदाहरण मला माहीत नाही. १९०४ मध्ये रॅलेला भौतिकीचे आणि रॅमसेला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नायट्रोजन वायू संयोगाला इतका नाखूष का, याचे कारण त्याच दोन अणूंमधल्या तिहेरी बंधात आहे. तो तोडायला एका मोलला सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. हायड्रोजनच्या बंधाला ४३६ पुरते आणि ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाला सुमारे ४९८. म्हणून नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया बनवण्याच्या हाबर-बॉश पद्धतीत लोहाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश तापमान आणि वातावरणाच्या दीडशे ते अडीचशे पट दाब लागतो. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे तिचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला आणि आजच्या युरियाचा उगम तोच आहे. तेच काम तुरीच्या मुळावरच्या गाठी जमिनीत, साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला करतात. तुरीचे रोप हलक्या हाताने उपटून एखादी टपोरी गाठ नखाने फोडून पाहावी: आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर गाठ काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो, आणि ते द्रव्य नायट्रोजनचा अमोनिया करणाऱ्या नायट्रोजिनेज या विकराला ऑक्सिजनपासून जपते. गाठ आतून हिरवट किंवा पांढुरकी असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला असल्या गाठी नसतात, तिला नत्र बाहेरून किंवा आधीच्या कडधान्याच्या पिकातून मिळावे लागते.

आता हायड्राइडांकडे येतो. विद्यार्थिनीला मिळालेल्या दोन्ही व्याख्या प्रचलित आहेत. एक रुंद आहे, दुसरी अरुंद. रुंद अर्थाने हायड्रोजन आणि दुसरे एक मूलद्रव्य यांचे कोणतेही संयुग म्हणजे हायड्राइड. त्या अर्थाने अमोनिया हे नायट्रोजनचे, पाणी हे ऑक्सिजनचे आणि मिथेन हे कार्बनचे हायड्राइड आहे. अरुंद अर्थाने ज्यात हायड्रोजन ऋणभारित आहे, तेच हायड्राइड. अकरावी-बारावीच्या परीक्षेत रुंद अर्थच धरलेला असतो, तेव्हा तेथे पाणी हायड्राइड आहे असे लिहिणे बरोबर. पण प्रयोगशाळेत कोणी ‘हायड्राइड वापरा’ म्हटले तर त्याला पाणी अभिप्रेत नसते.

हा फरक विद्युतऋणतेतून, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेतून, स्पष्ट होतो. पॉलिंगच्या मापनश्रेणीवर हायड्रोजनची विद्युतऋणता २.२०, नायट्रोजनची ३.०४, सोडियमची ०.९३. अमोनियात इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे ओढले जातात, म्हणून हायड्रोजनचे ऑक्सिडीकरण अंक अधिक १ आणि नायट्रोजनचे उणे ३ धरतात. सोडियम हायड्राइडात पारडे उलटते: सोडियम आपला इलेक्ट्रॉन हायड्रोजनला देऊन टाकतो, आणि दोन इलेक्ट्रॉनांचा हायड्राइड आयन तयार होतो. याचा पुरावाही सुंदर आहे. पाण्याचे विद्युत अपघटन केले तर हायड्रोजन ऋणाग्रावर मिळतो, पण वितळलेल्या लिथियम हायड्राइडातून वीज नेली तर तो धनाग्रावर मिळतो. सीमारेषा धातू आणि अधातू यांच्या मधोमध जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. सिलिकॉन धातू नाही, तरी त्याची विद्युतऋणता १.९० असल्यामुळे सिलेनमध्ये, म्हणजे त्याच्या हायड्राइडात, हायड्रोजनच किंचित ऋणभारित असतो. फॉस्फीनमध्ये, म्हणजे फॉस्फरसच्या हायड्राइडात, तर दोघांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत.

आयनिक हायड्राइडांचा पाण्याशी होणारा संयोग पाहिला की दोन्ही प्रकारचे हायड्रोजन समोरासमोर येतात. कॅल्शियम हायड्राइडाच्या करड्या खड्यावर पाण्याचा थेंब पडला की सळसळ करत हायड्रोजन सुटतो आणि मागे विरलेला चुना राहतो. त्या वायूतला निम्मा हायड्रोजन खड्यातून आणि निम्मा पाण्यातून आलेला असतो; एकाचा ऋण, दुसऱ्याचा धन, आणि मिळून झाला उदासीन रेणू, म्हणजे दोन संयुगांतून मूलद्रव्य बाहेर पडले. एक किलो कॅल्शियम हायड्राइडापासून सुमारे एक घनमीटर हायड्रोजन मिळतो, म्हणून हवामानाचे फुगे भरायला ते एके काळी वापरत. सेंद्रिय द्रावकांतला शेवटचा ओलावा काढायला ते आजही वापरतात. शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र ते ठेवू नये, सोडियम हायड्राइड तर मुळीच नाही. ओलाव्याने ते आपोआप पेटू शकते आणि त्यावर पाणी टाकणे म्हणजे आग वाढवणे.

येथे रंगाईच्या कारखान्यांतल्या मंडळींसाठी एक खुलासा करावा लागेल. व्हॅट रंग चढवताना आपण जे ‘हायड्रो’ म्हणतो, ते सोडियम हायड्रोसल्फाइट, हायड्राइड तर नाहीच, पण त्याच्या निर्जल रूपात हायड्रोजनचा एकही अणू नसतो. सोडियम, गंधक आणि ऑक्सिजन एवढीच मूलद्रव्ये त्यात आहेत. क्षपण करणे हे त्याचे काम सोडियम बोरोहायड्राइडसारखे खरे हायड्राइडही करते, म्हणून एकाच्या जागी दुसरे नाव घेतले जाते, पण पदार्थ वेगळे आहेत.

सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने बनलेल्या, हायड्राइडांत नायट्रोजनच्या गणाची एक गंमत आहे. अँटिमनीचे हायड्राइड उणे १७ अंशांना उकळते, आर्सेनिकचे उणे ६२ च्या आसपास आणि फॉस्फरसचे उणे ८८ ला. याच ओळीने खाली उतरत गेले तर अमोनियाचा उत्कलनांक आणखी कमी असायला हवा, पण तो उणे ३३ आहे. अमोनियाचे रेणू हायड्रोजन-बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून त्यांना सुटे व्हायला जास्त उष्णता लागते, आणि शीतगृहात अमोनिया इतका उपयोगी पडतो त्याचेही एक कारण हेच: उकळताना तो भोवतालची पुष्कळ उष्णता घेऊन जातो.

हायड्रोजनच्या जड समस्थानिकाविषयीही विचारणा होते. साधा हायड्रोजन आणि ड्यूटेरियम यांच्या एकेका अणूचा रेणू संयुग मानायचा का? नाही, दोघांच्या केंद्रकात प्रोटॉन एकच आहे, फरक न्यूट्रॉनचा आहे, म्हणून तो मूलद्रव्याचाच रेणू.

आयनिक आणि सहसंयुज यांच्याखेरीज हायड्राइडांचा जो तिसरा प्रकार आहे, खरी अडचण त्यात येते. पॅलेडियम हा धातू आपल्या घनफळाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन शोषू शकतो, हे थॉमस ग्रॅहमने १८६६ मध्ये दाखवले. हायड्रोजनचे अणू पॅलेडियमच्या जाळीतल्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात, आणि तापमान व दाब बदलला की त्यांची संख्या बदलते. साध्या परिस्थितीत पॅलेडियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचे ०.६ ते ०.७ अणू सापडतात. मग ते संयुग म्हणायचे की मिश्रण? जाळीचे आकारमान बदलते, विजेचे वहन बदलते, म्हणजे नुसते मिश्रण म्हणता येत नाही. पण अमोनियासारखे ठाम प्रमाणही नाही. पुन्हा भरता येणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये लँथॅनम आणि निकेल यांच्या संमिश्रात हायड्रोजन असाच येतो-जातो, आणि सेल चालतो तो हे प्रमाण बदलते म्हणूनच. संयुगाचे प्रमाण सदैव स्थिर असते असे रसायनशास्त्रज्ञ प्रूस्ट म्हणत होता आणि ते बदलू शकते असे दुसरा रसायनशास्त्रज्ञ बर्थोले म्हणत होता. १९ व्या शतकाच्या आरंभी त्या वादात प्रूस्ट जिंकला, आणि अमोनिया, पाणी, मीठ यांच्याबाबतीत योग्यच जिंकला. परंतु पॅलेडियम हायड्राइडसारख्या पदार्थांना पुढे बर्थोलेच्याच नावावरून ‘बर्थोलाइड’ म्हटले गेले. पाठ्यपुस्तकात ते धातवीय किंवा अंतराळी हायड्राइड म्हणून येतात; उत्तरात तीच संज्ञा लिहावी, आणि रेणुसूत्रात अपूर्णांक आला तर तो छापण्यातला दोष समजून खोडू नये.